पळसफाट्याच्या आतले रस्ते

महेंद्रने गाडी घेतली तेव्हा रत्नप्रभाला वाटलं, चला, आता नवरा आपल्याला माहेरी तरी नेईल. गाडी सेकंडहँड होती, एसी मनात आलं तरच चालायचा. तरी वाशिंदच्या त्यांच्या बिल्डिंगखाली ती उभी राहिली की रत्नप्रभा दिवसातून दोनदा खिडकीतून डोकावून बघायची. माहेर राहिलं बाजूलाच. मार्च लागल्यापासून दर रविवारी महेंद्र बायकोला आणि मुलीला घेऊन निघायचा तो थेट शहापूर, किन्हवली करत मुरबाडच्या रस्त्याला. मध्ये पळसफाटा लागला की गाडी आत कुठल्यातरी आडवाटेला घालायचा.

श्वेताला मात्र या सहली मनापासून आवडायच्या. आठवडाभर कल्याणच्या ऑफिसात मान मोडून काम केल्यावर तिला ही मोकळी माळरानं बघून बरं वाटायचं. वणव्याने काळे पडलेले उतार, पानं झडलेले साग, भाताच्या खाचरांत पालापाचोळ्याचा राब भाजल्याचे काळे चौकोन आणि या सगळ्याच्या मागे उन्हात धूसर झालेली सह्याद्रीची भिंत. "पप्पा, हे तर वाळवंटच आहे," ती खिडकीतून मोबाइल बाहेर काढून म्हणायची. "पावसात इथं सगळे येतात. पण हे असं कोरडं कोण बघतं?"

महेंद्र 'हं' म्हणायचा. तो डोंगर बघत नव्हता. तो घरं मोजत होता.

तरुणपणी तो वाशिंदच्या एका व्यापाऱ्याकडे टेम्पोवर होता. शहापूर ते मुरबाड रस्त्यावरच्या दुकानांना तेल, साखर, बिस्किटं पोचवायची, हे काम. एका मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, पळसफाट्यावर चार माणसं रस्त्यात आडवी आली. दोघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला गोधडीची झोळी आणि झोळीत कळा देणारी बाई. बरोबरच्या म्हातारीने काचेवर हात आपटला. "मुरबाडच्या दवाखान्यात सोड रे, पाया पडते."

टेम्पोचं तोंड शहापूरकडे होतं. मुरबाड उलट्या बाजूला. शिवाय आदल्याच आठवड्यात गाडीत माणसं बसवली म्हणून शेठने सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं. महेंद्र म्हणाला, "मागून जीप येतेय." आणि निघाला. मागून जीप येत नव्हती. हे त्याला बोलतानाच माहीत होतं.

दोन दिवसांनी किन्हवलीच्या एका दुकानदाराने पुड्या बांधता बांधता सांगितलं, "फाट्यावर एक बाई बाळंतपणात गेली म्हणे." कुठल्या पाड्याची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. फाट्यावरून आत पाच वाटा जात होत्या. महेंद्रने पुढे ते काम सोडलं, कंपनीत लागला, लग्न आधीच झालं होतं, पुढे श्वेता शाळेत जायला लागली. फाट्यावरच्या त्या दुपारला आता एकोणीस वर्षं झाली. रत्नप्रभाला त्याने एक अक्षर सांगितलं नाही. सुरुवातीला लाज होती. नंतर, इतके दिवस का सांगितलं नाही, याचीच लाज वाटायला लागली.

गाडी दारात आली आणि त्याला वाटलं, आता विचारायला हवं. काय कळेल ते कळेल.

चार रविवारांत चार वाटा संपल्या. दर वेळी तो पाड्याच्या अलीकडे झाडाखाली गाडी लावायचा, बाटली घ्यायचा आणि "गाडीला पाणी मागून आणतो" म्हणून एकटाच आत जायचा. चारही ठिकाणी लोकांनी माना हलवल्या. नाय बा, आमच्याकडची नाय.

पाचव्या रविवारी ऊन सकाळपासूनच तापलेलं होतं. पाचवी वाट सगळ्यांत वाईट. डांबर अर्ध्या किलोमीटरवर संपलं, मग खडी, मग नुसती लाल धूळ. एका कोरड्या ओढ्यातून गाडी उतरवताना खालून दगड असा घासला की रत्नप्रभाने डोळेच मिटून घेतले. वर चढून गेल्यावर आंब्याचं झाड आणि पुढे बारा-पंधरा कुडाची घरं दिसली.

महेंद्रने बाटली उचलली.

"थांबा, मी पण येते," रत्नप्रभा म्हणाली.

"तू कशाला उन्हात? बस गाडीत."

"या गाडीला माणसांपेक्षा जास्त पाणी लागतं. बघू तरी, कुठून आणता ते." ती चपला घालून उतरलीसुद्धा. पाठोपाठ श्वेता.

महेंद्रने वळून गाडीकडे बघितलं. पण आता मागे फिरणंही विचित्र दिसलं असतं.

पहिल्याच घराच्या पडवीत एक म्हातारी सुपात मोहाची फुलं निवडत बसली होती. तिने पाणी दिलं, बसायला गोणपाट दिलं. "कुठली तुमी?" वगैरे झालं. तिचं नाव बाईजा. बाटली भरून झाली तरी महेंद्र उठेना. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, "आजी, खूप वर्षांपूर्वी... तुमच्यातली कुणी बाळंतीण फाट्यावर नेली होती का? झोळीतून?"

बाईजाचे हात थांबले. "तुला कसं ठावं?"

"एक टेम्पो होता तेव्हा. पिवळा. थांबून निघून गेला."

"हां. गेला मेला." म्हातारीने त्याच्याकडे नीट बघितलं. "तूच का तो?"

रत्नप्रभाने नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता. त्याने मान हलवली. मग सगळं सांगितलं. शेठचं, जीपचं, दुकानदाराच्या बोलण्याचं. मध्येच श्वेताने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"ती बाई वारली, होय ना?" त्याने विचारलं.

"कोन वारली?" बाईजा कडाडली. "माजी सून हाय ती! काशी! ए काशे, कुठं हायस गो?"

घरामागून एक बाई हात पुसत आली. चाळिशीतली, उंच, कपाळावर गोंदण, पदर खोचलेला. "काय झालं? कशाला ओरडता?"

महेंद्र उठून उभा राहिला. एकोणीस वर्षं ज्या बाईला तो मेलेली समजत होता, ती राखेने भरलेला हात पदराला पुसत त्याच्याकडे भुवया आक्रसून बघत होती.

"आणि मूल?" त्याने कसंबसं विचारलं.

"मूल कुठलं आता? घोडी झाली," बाईजा म्हणाली. "सुगंधा तिचं नाव. मुरबाडला नर्सिंगचं शिकते. फाट्यावरच झाली, चिंचेखाली. म्याच केलं बाळंतपन. त्याच आठवड्यात खालच्या पाड्यातली एक गेली व्हती, तापानं. दुकानदारानं दोन्ही गोष्टी एकात कालवल्या असतील."

महेंद्र खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पडवीत, बायको-पोरीसमोर, अनोळखी माणसांसमोर तो ढसाढसा रडला. श्वेताने बापाला असं कधी बघितलं नव्हतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

काशी गोंधळली होती. "मला तर टेम्पो-बिम्पो काय आठवत नाय," ती म्हणाली. "मी डोलं मिटून पडली व्हती."

"मला आठवतो," बाईजा म्हणाली. "लय शिव्या घातल्या तुला. महिनाभर."

"घालायलाच हव्या होत्या."

"थांबायला पायजे होतंस रे."

"होय, आजी."

म्हातारीने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. फुलं निवडता निवडता म्हणाली, "जेवून जा. नाचणीची भाकर हाय, आन् सुकट."

महेंद्रने तीन भाकऱ्या खाल्ल्या. दर रविवारी डब्यातली अर्धी चपाती परत नेणारा माणूस चौथी मागेल की काय, असं रत्नप्रभाला वाटलं. काशीने मोबाइलवर लेकीचा फोटो दाखवला, पांढऱ्या ॲप्रनमधला, हसरा. श्वेताने तिथल्या तिथे सुगंधाचा नंबर घेतला.

परतताना गाडी ओढा ओलांडून वर आली. मग रत्नप्रभा म्हणाली, "एकोणीस वर्षं."

"चुकलं."

"फाट्यावरचं चुकलं, ते आजीने तुम्हाला सांगितलं. मला न सांगितल्याचं वेगळं. त्यावर मी घरी गेल्यावर भांडणार आहे. नीट, सावकाश."

"भांड," महेंद्र म्हणाला आणि त्याला हसू आलं. इतकं मोकळं हसू की रत्नप्रभालाही राग धरून ठेवता येईना. ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली, पण तिचे खांदे हलत होते.

पुढच्या वळणावर महेंद्रने आपणहून गाडी बाजूला घेतली. ऊन कलतं झालं होतं. डोंगराची भिंत आता धूसर नव्हती, तिची घळ न् घळ दिसत होती. तो बराच वेळ बोनेटला टेकून उभा होता.

"पप्पा, काय बघताय?" श्वेताने आतून विचारलं.

"अगं, केवढा आहे हा डोंगर," तो म्हणाला.