लुटीचा आहेर

माझ्या मीराच्या लग्नाची भांडी लुटली गेली तेव्हा मी मुंबईतल्या एकूण एक चोराला शिव्या घातल्या. मला काय माहीत, त्यातले बरेचसे माझ्याच चाळीत राहतात!

ब्याऐंशी सालची गोष्ट. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालला होता आणि घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत कित्येक घरांत चूल एकच वेळ पेटत होती. त्यात ऑगस्टमध्ये पोलिसांनीच काम टाकलं. रस्त्यावर खाकी दिसेना म्हटल्यावर लोकांच्या अंगात आलं. बसगाड्या पेटल्या, दगड उडाले, दुकानं फुटली. माझा नवरा अंबादास माहुलला कामाला होता. तो तिथून पायी चालत घरी आला आणि म्हणाला, "चंपा, दार लाव. माणसं टीव्ही डोक्यावर घेऊन पळतायत."

मी दार लावून बसणारी बाई नव्हे. चप्पल सरकवली आणि थेट माणिकशेठच्या भांड्यांच्या दुकानाकडे धावले, कारण माझ्या लेकीचा अख्खा संसार तिथे होता. आमची खोली ही एवढीशी. भांडी ठेवणार कुठे? म्हणून वर्षभर एकेक घ्यायचं आणि शेठकडेच ठेवायचं, असं चाललं होतं. हंडा, कळशी, पातेली, डबे, सगळं स्टीलचं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर एक चेपलेलं जर्मनचं पातेलं होतं, आणि सासूनं मरेपर्यंत ते मला ऐकवलं. माझ्या मीराला कोणी तसं ऐकवू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

शेठच्या ओट्यावर शिवदास त्याचं मशीन घेऊन बसायचा आणि घर्रर्र करत भांड्यांवर नावं घालायचा. त्यानं मला विचारलंही होतं, "ताई, 'आई-बाबांकडून' टाकू ना?" मी म्हटलं, "आईनं दिलं हे काय कोरून सांगायचं असतं? नुसतं 'चि. मीरा' टाक." मोठी शहाणी मी!

दुकानाचं शटर वाकवलेलं, गटारात झारे पडलेले, आणि माणिकशेठ पायरीवर डोक्याला हात लावून बसलेला. मला बघून तो म्हणाला, "चंपाबेन, तुमचा माल वेगळा काढून दाराशीच मांडून ठेवला होता. पहिला तोच गेला." मी तिथेच बसले आणि रडले. मग उठले आणि शिव्या दिल्या. रडण्यापेक्षा ते मला बरं जमतं.

मिलिटरी आली, शहर थंड झालं. बिघडली ती आमची चाळ. दिवसभर उघडी असणारी दारं बंद दिसू लागली. आणि माणसं माझ्याशी गोड बोलायला लागली! शेजारची वनमाला परब, मालवणकडची, नवरा धाकू गिरणीतला म्हणजे संपावर. एरवी नळावर बादलीसाठी माझ्या झिंज्या उपटायला उठणारी ही बाई मला म्हणते, "चंपा, तू भर गे आधी." मी घाबरलेच. म्हटलं, हिला ताप तर नाही ना आला?

खरं काय ते शिवदासनं सांगितलं. एके दिवशी तो चोरासारखा दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या चाळीतली माणसं माझ्याकडे भांडी आणतायत. पदराखाली झाकून. वर 'चि. मीरा' आहेच. म्हणतात, त्याच्याखाली आमचं नाव घाल, आहेर द्यायचाय."

आधी मला कळेचना. मग कळलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली! गर्दीत हाताला लागलं ते या लोकांनी उचललं. घरी नेऊन बघतात तर त्यावर माझ्या लेकीचं नाव. वापरावं तर बोभाटा, परत द्यावं तर चोर ठरायचं. मग ह्या अकलेच्या खंदकांनी काय शोधून काढलं, तर माझीच भांडी मलाच आहेर! वर फुकटचं नाव!

"मग नाही सांगू त्यांना?" शिवदासनं विचारलं.

"नाही कशाला? घाल नावं. ठळक घाल, लांबून दिसली पाहिजेत."

अंबादास म्हणाला, "अगं, परत येतायत ना भांडी? मग गप बस ना यार."

"गप बसू? भर मांडवात माईक घेऊन एकेकाची वाट लावते की नाही बघ!"

भाकऱ्या थापता थापता मी भाषण पाठ केलं. झकास झालं होतं. मीराला ऐकवलं तर ती म्हणाली, "आई, माझं लग्न आहे ते, कोर्ट नाही." मी तिला धुण्याला बसवलं.

आमच्या बौद्धांत मुहूर्त बघत नाहीत. पितृपंधरवड्यात दुसऱ्या कोणाचं लग्न नसतं, त्यामुळे हॉल मागितल्याबरोबर मिळाला. वंदना झाली, पांढऱ्या साडीतल्या माझ्या पोरीनं हार घातला, आणि आहेर सुरू झाला. चाळीतला दादू माईकवर होता. त्याला गळा आहे, अक्कल नाही.

"रत्नप्रभाताईंकडून, मोठं पातेलं! नंदकुमारभाऊंकडून, डब्यांचा संच! वनमाला धाकू परब यांजकडून, एक कळशी!"

एकेक जण मान खाली घालून येत होता, भांडं ठेवत होता आणि माझ्याकडे न बघता सटकत होता. मी पदर खोचला आणि माईककडे निघाले.

तेवढ्यात माझ्या आधी विहीणबाई तिथे पोचल्या. मुलुंडच्या विमलाबाई. भांड्यांच्या ढिगाकडे बघत त्या म्हणाल्या, "चाळीनं मांडव भरून टाकला हो! पण पोरीच्या आईकडून काय?"

माईक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं भाषण जिभेवर तयार होतं. खरं सांगितलं, तर मीरा चोरांच्या चाळीतून आलेली सून ठरणार. गप्प बसले, तर आईनं रिकाम्या हातानं पाठवलेली ठरणार. दोन्हीकडून जन्मभर ऐकून घेणार ती माझी पोर. समोर वनमाला उभी होती. तिच्या गळ्यात नुसते काळे मणी राहिले होते, सोनं संपानं खाल्लं होतं. तिच्या त्या कळशीत भरायला घरात तांदूळ नव्हता, हे मला माहीत होतं. कधी नव्हे ते माझं तोंड बंद पडलं आणि डोळ्यांना धार लागली.

वनमालानं दादूच्या हातातून माईक ओढला.

"ह्यां सगळां चंपाचांच आसा, विहीणबाय," ती म्हणाली. घाबरली की ती मालवणीवर येते. "आमी लुटलेलां. दुकान फुटलां तेवा. नाव मागसून वाचलां."

धाकूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विमलाबाईंनी कळशी उचलली, फिरवून वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"आमच्या मुलुंडला चपलांचं दुकान फुटलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "गल्लीतले सगळे नवे बूट घालून फिरतायत. विचारायची सोय नाही."

त्यांच्या मागे बसलेल्या व्याह्यांनी हळूच पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

आधी मीरा हसली, मग तिचा नवरा, मग सगळा हॉल. फक्त वनमाला हसली नाही. ती माईक धरून तशीच उभी होती आणि आता सगळे आपल्याला काय म्हणतील याची वाट बघत होती. मी जाऊन तिच्या हातातून माईक घेतला. तिनं डोळे मिटून घेतले.

"वनमाला धाकू परब यांजकडून," मी छाती फुटेस्तोवर ओरडले, "एक कळशी!"

आणि पहिली टाळी मी वाजवली.