लोटन बारेकऱ्याचं अर्धं एकर

“हा पाट कोणाच्या मालकीचा आहे?” रुपचंद शेटांनी विचारलं.

चुडामण आबा दारापुढच्या खाटेवर बसून गायीसाठी दावं वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. “कोनता पाट?”

“नदीवरून येतो तो. गावात दुसरा आहे का?”

“तो व्हय! तो मना नही, शेट. मी त्याना पानीवर जगस. मालक दुसरा कोनी असई. बसा, चहा ल्या.”

शेटांचा सकाळपासूनचा हा सहावा चहा होता. ज्या घरी विचारलं तिथे हेच उत्तर आणि हाच चहा. पाटाच्या अगदी शेपटाला ज्याचं शेत होतं तो भिकन तर हात जोडून म्हणाला होता, “माले काय इचारतस? मनापर्यंत पानी येस तेच मी देवना उपकार समजस. वरल्यासले इचारा.” आणि वरच्यांनी खाली पाठवलं. तलाठ्याने दप्तर उघडून पाहिलं. पाटापुढे कोणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं.

पिंपळबारी हे पांझरेच्या काठचं गाव. नदीला जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली चाळीस घरांचं मिळून एक मोठं रान. त्याला फड म्हणत. पाट कोणी खणला ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. पण फडाचे नेम सगळ्यांना तोंडपाठ होते. सगळ्यांनी मिळून ठरेल तेच पीक सगळ्यांनी पेरायचं. वरच्या शेतापासून खालच्या शेतापर्यंत पाणी बारीनं, म्हणजे पाळीपाळीनं, जायचं. आणि ज्याचं शेत त्याने पाण्याला हात लावायचा नाही. लावला तर त्या हंगामात त्याचं शेत कोरडं. पाणी फिरवायचं ते बारेकऱ्याने. तो असा माणूस निवडायचा की ज्याला फडात वीतभर जमीन नाही. त्याने फावडं कुठे मारलं, का मारलं, हे विचारायचं नाही. काढणीला प्रत्येक शेतातून त्याला पेंढ्या मिळत.

स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली होती. रुपचंद शेटांचा धुळ्याला सरकीचा मोठा व्यापार होता. दोन वर्षांत त्यांनी फडाच्या डोक्याकडची अकरा एकरं तीन घरांकडून घेतली. यंदा त्यांच्या शेतात इतरांसारखाच गहू होता, पण गहू निघाला की त्यांना ऊस लावायचा होता. उसाला बारा महिने पाणी हवं. म्हणून पाटाच्या काठाला स्वतःचं वेगळं तोंड पाडायचं आणि त्याला लोखंडी दार बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. दार धुळ्याहून बैलगाडीतून आलंही. चांगलं जाड, लाल रंगाचं, कुलपाची कडी असलेलं. ते बसलं असतं तर भिकनसारख्यांच्या शेतापर्यंत पुढे पाणीच पोचलं नसतं. शेट किंमत द्यायला तयार होते. घेणारा सापडत नव्हता.

दुपारी ते पाटावर लोटन बारेकऱ्याकडे आले. लोटन पन्नाशी उलटलेला, काटक माणूस. सव्वीस वर्षं पाण्यात उभं राहून त्याच्या पायांच्या बोटांमधली कातडी कायमची पांढरी पडली होती.

“लोटनभाऊ, एक सांगा. उद्या तुम्ही पाटाच्या काठाला फावडं मारलंत तर तुम्हाला कोणी विचारेल?”

“नही. बारेकरीले कोनी इचारत नही.”

“मग एवढं एक तोंड पाडून द्या. दाराची किल्ली तुमच्याचकडे राहील. आणि ही समोरची पट्टी दिसते ना, पाटाला लागून? अर्धं एकर आहे. तुमच्या नावाने कागद करून देतो.”

लोटन त्या पट्टीकडे बघत राहिला. तिथली माती त्याला ठाऊक होती. किती पाणी पिते, कुठे धरून ठेवते, कोणत्या कोपऱ्यात उंदरांची बिळं आहेत, सगळं. नाव तेवढं दुसऱ्याचं होतं.

“उद्या सांगस,” तो म्हणाला.

दिवेलागणीला त्याने बायकोला हे सांगितलं. भिकुबाई चुलीपुढे अंबाडीची भाजी घोटत होती. तिचा हात थांबला.

“अर्धं एकर म्हंजे कितलं?”

“आपला घरपासून पारपर्यंत. आनि रुंद म्हनशी तं या गल्लीना तीनपट.”

“इतलं?” ती म्हणाली आणि पुन्हा घोटू लागली. भाजी उतरवून बोलली, “मी काही सांगत नही. पानीनं तुम्हाले कळस. पन हाई भाजी मी आज शेवंताबाईना बांधवरथीन मांगीसन आनेल शे. तीस वरीस व्हयनात, मी मांगीसनच आनस. ती कधी नही म्हनत नही. पन मांगनं तं पडसच ना.”

“पडस.”

“आपला बांध राहता तं मी बठ्ठा बांधले अंबाडी लावती. आनि गावले सांगती, ल्या, न इचारता ल्या.”

लोटन हसला. तीही हसली. पण भाकरी मोडता मोडता लोटनच्या मनात त्या पट्टीची लांबी-रुंदी फिरत होती.

सकाळी बारी भिकनची होती. भिकनचं शेत सगळ्यात खाली, तिथवर पाणी पोचायला बराच वेळ लागायचा. लोटनने चारी उघडली, पाणी सोडलं आणि त्याच्याबरोबर खाली चालू लागला. त्या अर्ध्या एकरापाशी आल्यावर मात्र त्याचा पाय थांबला. चिखलाने बंद केलेल्या तोंडावर पाय देऊन तो आत उतरला. गहू मांडीपर्यंत आला होता. त्याने लांबी पावलांनी मोजली. मग रुंदी मोजली. इथे अंबाडी, इथे तुरीची एक ओळ, या कोपऱ्यात भिकुबाईला बसायला एक बाभळ. एवढं ठरवून तो बाहेर आला आणि पाण्यामागे खाली निघून गेला.

दोन तासांनी भिकन धावत आला. “लोटनभाऊ, पानी पातळ पडी गयं! चारीमा पाय बी भिजत नही.”

लोटन उलटा वर पळाला. त्या पट्टीचं तोंड फुटलं होतं. बाहेर येताना चिखलावर टाच मारून ते दाबायचं राहून गेलं होतं. सव्वीस वर्षांत जे कधी राहिलं नव्हतं ते आज राहिलं. सगळं पाणी आत शिरलं होतं. अर्धं एकर गहू पाण्यात उभा होता आणि त्यावर ऊन चमकत होतं.

ते पाहून लोटनला आधी बरं वाटलं. मस्त भिजलं, असंच त्याच्या मनात आलं. दुसऱ्याच क्षणी त्याच्या अंगावर काटा आला. फावड्याने चिखल ओढून त्याने तोंड बंद केलं.

मागून भिकन आला. “शेटनं फोडं ना? मी सांगस, शेटनाच मानूस असई. आते त्यानं वावर कोरडंच ठेवनं पडई. बरं व्हयनं!”

हो म्हणायचा अवकाश होता. शेट, त्यांचं दार, त्यांचा ऊस, सगळंच त्या एका शब्दात मिटलं असतं.

“शेटनं नही,” लोटन म्हणाला. “मी फोडं.”

भिकनला ते खरं वाटेना. तो हसायच्या बेतात होता, पण लोटनचं तोंड बघून खाली आपल्या शेताकडे वळला.

त्याच्या शेताला पाणी पोचवून, तिसऱ्या प्रहरी, लोटन तसाच चिखलाच्या पायांनी चुडामण आबांकडे गेला. फडात त्यांचं वय सगळ्यात मोठं. त्याने काहीही न लपवता सांगितलं. शेट काय म्हणाले, भिकुबाई काय म्हणाली, पावलं कशी मोजली आणि पाणी बघून आधी बरं कसं वाटलं.

आबा ऐकत होते. शेवटचं ऐकून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

“अरे, एक रातमा शेतकरी व्हई गया तू!”

“हसू नका, आबा. दुसरा बारेकरी पहा.”

“बस आठे.” आबांनी डोळे पुसले. “मना उमर सत्तर. आजलगुन मी पाटना पानीले पाय लावेल नही. काबरं? माले माहीत शे ना, मना पाय मनाच वावरकडे वळई. चाळीस घरंसना पाय तसाच वळतस. म्हनीसन तं तू शेस.” मग त्यांनी विचारलं, “ते वावर लेनं शे का तुले? खरं सांग.”

“लेनं शे, आबा. खोटं कसाले बोलू?”

“मंग ले. कोनी तुले नावं ठेवनार नही.”

लोटनने पायाकडे पाहिलं. वाळलेला चिखल बोटांनी खरवडला. “ते लिधं तं मना हात बी तिकडेच वळई,” तो म्हणाला आणि उठला.

शेट पारावर गाडी जुंपायची वाट बघत होते. लोटनला येताना बघून त्यांचा चेहरा उजळला.

“काय ठरलं, लोटनभाऊ?”

“शेट, आज तुमना वावरमा बारी सोडीसन पानी गयं. मनी चूक शे. पन बारी सोडीसन जे वावर प्यालं, त्यानी पुढली बारी चुकस, असा नेम शे. तेथला गहू जरासा उना उतरई.”

शेट चकित झाले. “चूक तुमची आणि दंड मला?”

“पानी तुमना वावरमा शे, शेट. माले तं वावरच नही. मना दंड पेंढ्यासमा. शेवटला पाच वावरसन्या पेंढ्या औंदा मी लेनार नही.”

“आणि आपलं ते कागदाचं?”

“ते ऱ्हाऊ द्या.”

“तुम्हाला जमीन नको?” शेटांच्या आवाजात चेष्टा नव्हती. जमीन नको म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

“पाहिजे व्हती,” लोटन म्हणाला.

“मग मी विचारू तरी कोणाला? दोन दिवस झाले, गावभर फिरतोय. चहा पिऊन पित्त झालं मला.”

लोटनला हसू आलं. “एकएकले इचारसान तं असंच व्हई. आयतवारले बठ्ठा आठेच बसतस, पुढला साल काय पेरनं ते ठरावाले. या. तुम्ही बी त्यासमाना एक.”

शेट त्या रविवारी आले. पाराच्या कडेला, धोतर सावरून, भिकनच्या शेजारी बसले. उसाचं बोलले. चाळीस घरांनी ते नीट ऐकून घेतलं, दोघा-तिघांनी बाजूही घेतली. पण शेवटी भुईमूग ठरला. शेटांनी कपाळाला हात लावला, आणि सगळे हसल्यावर तेही हसले. लाल दार गाडीत घालून ते परत घेऊन गेले.

होळीच्या आधी गव्हाची कापणी सुरू झाली. भिकुबाई लोटनची भाकरी घेऊन फडात आली. एरवी ती पाटाच्या पलीकडूनच हाक मारायची. आज पाट ओलांडून अलीकडे आली.

“कोनतं ते?”

लोटनने हाताने दाखवलं. ती पट्टी अजून कापायची होती. आजूबाजूच्या गव्हापेक्षा तिथला गहू बोटभर खुजा होता.

“उना दिसस,” ती म्हणाली.

“बारी चुकनी ना त्यानी.”

“कोनामुळे?”

“मनामुळे.”

भिकुबाईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही तिला आवरलं नाही. तिथेच बांधावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली. खाऊन झाल्यावर ती उठली, फडकं झटकलं आणि त्या अर्ध्या एकराच्या कडेकडेने निघाली. बांध अरुंद होता. वाटेत एक ओंबी बांधावर आडवी झाली होती. तिने वाकून ती हलकेच आत सरकवली आणि पुढे गेली.