डाव्या बाजूचा रॉड

नंदुरबार स्टेशनाजवळच्या बागेत वाफेचं एक जुनं इंजिन उभं आहे. त्याच्या माहितीफलकासाठी मला दहा ओळी लिहायच्या होत्या. इंजिन बागेत येण्याआधीच त्याची पितळी नंबरप्लेट गेलेली. केबिनवर पांढऱ्या रंगात २२१७ लिहिलं होतं, ते लोटनआप्पांच्या सांगण्यावरून. आप्पा २२१७ वर आठ वर्षं फायरमन होते. बारा वर्षांपासून दर दसऱ्याला ते या इंजिनाच्या तोंडावर झेंडूचा हार चढवत होते.

"नंबर कोठे ठोकेल शे का, आप्पा?" मी विचारलं.

"शे ना, रंगना खाले. पन तुले कसाले पाहिजे? मी सांगस ना, मन्हंच इंजिन शे."

मी रंग काढायचं द्रावण आणि तारेचा ब्रश घेऊन गेले. चाकांना जोडणाऱ्या डाव्या रॉडवरून रंगाचे सहा थर निघाले. खाली आकडे होते: २२१७.

"दख!" आप्पा रेवजीनानांना म्हणाले. नाना आप्पांच्याच इंजिन-शेडमधले फिटर.

मी तिथे थांबू शकले असते. उजवा रॉड घासला. २२३१. मग ज्यावर सगळं इंजिन बसवलेलं असतं तो सांगाडा पुढून घासला. तिथेही २२३१.

"एक इंजिन भंगारमा जाये, त्याना चांगला रॉड दुसराले लावूत," नाना म्हणाले. "सांगाडा बदलत नही." मग त्यांना हसू आवरेना. "बारा वरीस दुसराना बैलले हार घाली ऱ्हायना तू, लोटन!"

आप्पा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मंग मन्हं भंगारमा गयं?"

"हा, आप्पा."

त्यांनी डाव्या रॉडवर तळहात ठेवला. रंगाचा चिकट गाळ हाताला लागला, तो धोतराला पुसला. "केबिनवरना नंबर पुसाले सांग," ते म्हणाले. "खोटं नको."

फलकावर मी २२३१ लिहिलं. शेवटची ओळ अशी: 'डाव्या बाजूचा रॉड इंजिन क्रमांक २२१७ चा आहे.' आप्पांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

दसऱ्याला नाना नारळ घेऊन सवयीने इंजिनाच्या तोंडाशी उभे राहिले. आप्पा डावीकडे वळले, उकिडवे बसले आणि रॉडला हार बांधू लागले.

"एकच पायले हार?" नाना ओरडले.

"तो पाय मन्हा शे," आप्पा म्हणाले. "नारय आठे आन."