नजरेखालचे दहा दिवस

“कोपराच्या वर का खाली?”

“वर हो, कारकूनसाहेब. हितं बगा की.”

“उगड्यावर का कापडावरनं?”

“चोळीची बाही व्हती, पर फाटकी. आता फाटक्याला कापड म्हनायचं का उगडं, तुमीच सांगा!”

खिडकीतून कस्तुराबाईचं हसू बाहेर आलं. भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसलेल्या सोजरबाईला ते खाजकुयरीसारखं लागलं.

आत टेबलाशी होता तो तिचा नवरा, महिपती. सोलापुरात कुत्रं, माकड, गाढव, कुणीही कुणाला चावलं की ते माणूस आधी या दवाखान्यात महिपतीपुढं उभं राहायचं. हात कुठला, दात किती, खोल किती, जनावर कुणाचं, सगळं विचारून त्यानं लिहायचं आणि त्यावरून डॉक्टरांनी पोटातल्या सुया ठरवायच्या. पूर्वी या सुयांसाठी आगगाडीनं लांब जावं लागे. आता त्या इथंच मिळायला लागल्यापासून महिपतीच्या टेबलाला गर्दी खंडत नव्हती. जनावर पाळीव असलं तर तो शेवटी हमखास सांगायचा, “बांधून घाला. दहा दिवस नजरेखाली ठिवा. पानी पितंय का बगा. दहा दिवसांनी जित्तं असलं तर भ्यायचं कारन न्हाय.”

“लई ठणकतंय का?” आत महिपती कस्तुराबाईला विचारत होता. “रातच्याला झोप लागती का?”

सोजरबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा करकचून बांधली.

बारा वर्षांच्या संसारात या माणसानं तिला एका दमात दोन प्रश्न कधी विचारले नव्हते. ‘मीठ कमी पडलंय’ हा काही प्रश्न नव्हे. मागल्या संक्रांतीला तव्याचा चटका बसून तिचा हात कोपरापर्यंत सोलला, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला होता, “तूप लाव.” झालं. तेवढ्यावर तो हात बरा झाला, आपल्या आपण, कुणाला न सांगता. आणि इथं मैंदर्गीहून आलेल्या या बाईच्या बोटभर जखमेला तो रोज फुटपट्टी लावत होता. सोनार तोळाभर सोनं जोखायलासुद्धा एवढा वेळ घेत नसेल. बाई तरी कशी, तर रोज डोक्याला तेल चोपडून यायची. परवा त्या चावलेल्या हातात नव्या बांगड्याही भरून आली. कुत्रं चावल्यावर कासाराकडं जायचं कुणाला सुचतं!

त्यात शेजारची बजाबाई नळावर म्हणाली, “तुजा मालक लई मायाळू गं. माज्या पोराला माकाड चावलं, तर बाप इचारनार न्हाय एवढं इचारलं त्यानं. नशीब काढलंस बग.”

सोजरबाई म्हणाली, “व्हय की,” आणि अर्धी घागर सांडून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती कामावर गेल्यावर तिनं चूल विझवली. डाव्या हाताची बाही वर सारली, डोळे मिटले आणि कोपराच्या खाली ती स्वतःच्याच हाताला कचकन चावली. चांगलं रक्त आलं. तिला थोडं रडू आलं, थोडं हसूही आलं. मग पदर सारखा करून ती दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. नेमकी कस्तुराबाईच्या पुढं.

“नाव?” महिपतीनं मान खाली घालूनच विचारलं.

“सोजरबाई.”

टाक थांबला. महिपतीनं वर पाहिलं. पण रांग मोठी होती आणि रांगेत कुणाला तोंड बघून विचारायची त्याची रीत नव्हती.

“नवऱ्याचं नाव?”

नवऱ्याचं नाव बाईमाणसानं कसं घ्यायचं, आणि तेही त्याच्याच तोंडावर?

“उखाना घ्या की, अक्का!” मागून कस्तुराबाई म्हणाली. रांग खदखदली. महिपतीनं कानाच्या पाळ्या लाल करून स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं.

“तुमाला काय चावलं?”

तिला ‘तुमाला’ असं तो बारा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला होता. “कुत्रं,” ती म्हणाली.

त्यानं तिचा हात उजेडाकडं वळवला, फुटपट्टी टेकवली. कुत्र्याचे सुळे खोल भोकं पाडतात. इथं बारीक लाल खुणांची अर्धगोल ओळ होती, आणि ओळीत मधोमध एक जागा कोरी. फुटपट्टी तिथं येऊन थांबली. महिपतीची नजर तिच्या तोंडाकडं गेली. सोजरबाईनं ओठ घट्ट मिटले. तिचा वरचा एक दात सुपारी फोडताना गेला होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

आता हा सगळ्यांदेखत बोलणार. रांग हसेल, कस्तुराबाई तर मैंदर्गीपर्यंत हसत जाईल.

“पाळीव का मोकाट?” महिपतीनं विचारलं.

तिला क्षणभर कळेना. मग ती हळूच म्हणाली, “पाळीव.”

“आदी कुनाला चावलंय?”

“न्हाय. पयलीच येळ.”

“खोडी काडली व्हती का कुनी?”

“काडली न्हाय. कुनी बगितलंच न्हाय त्याच्याकडं. बारा वर्सं.”

महिपतीनं टाक दौतीत बुडवला, जनावराच्या रकान्यावर आणला आणि काही न लिहिता पुसून ठेवला. खोटं लिहायची त्याला सवय नव्हती.

“लई ठणकतंय का?” त्यानं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

एवढ्याच प्रश्नासाठी ती आली होती. उत्तरही तयार करून आली होती. पण तिला नुसती मान हलवता आली.

“सूई नगं,” तो म्हणाला. “निस्तं धुऊन घ्या. पर जनावर दहा दिवस नजरेखाली ठिवाय लागंल.”

“कोन ठिवनार?”

“मी ठिवतो की.”

त्या संध्याकाळी पागोटं खुंटीला अडकवून तो चुलीपाशी आला. “पानी प्यालीस?” ती पेला उचलून पाणी प्यायली, तो बघत राहिला. “गिळताना दुकतंय?” “न्हाय.” “बरं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी त्यानं हात पुढं करायला लावला, बोटानं खुणा चाचपल्या आणि त्यांच्याही वर असलेल्या तव्याच्या जुन्या डागावर त्याचं बोट अडलं. “ह्ये कवा?” “संक्रांतीला,” ती म्हणाली. त्यानं बोट लवकर उचललं नाही.

मध्यंतरी कस्तुराबाईच्या सुया संपल्या. जाताना व्हरांड्यात थांबून तिनं सोजरबाईला विचारलं, “काय अक्का, तुमचं कुत्रं बरं हाय का?”

“हाय की,” सोजरबाई म्हणाली. “खातंय-पितंय.”

“मग नशीबवान हाय,” कस्तुराबाई म्हणाली. “आमच्यात कुनी पानीबी इचारत न्हाय.” आणि नव्या बांगड्या मागं सारत ती उन्हात उतरली. सोजरबाई ती वळेपर्यंत तिच्या पाठीकडं बघत राहिली.

दहा दिवस भरले. अकराव्या संध्याकाळी महिपती आला, पागोटं खुंटीला लावलं, जेवायला बसला. नेमाचा माणूस, नेम संपला. “आमटी बरी झालीया,” एवढंच म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

सोजरबाईनं त्याला आणखी आमटी वाढली. मग तिनं पेला काठोकाठ भरला आणि त्याच्या समोर बसून, तहान नसताना, सावकाश प्यायला लागली.

महिपतीचा घास हातातच राहिला. शेवटचा घोट जाईपर्यंत तो बघत होता.