मी खणलेला चर

मी कुदळ बोलतेय. कुदळीनं लाजावं असं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. खणणं हेच तिचं काम. मीही बरीच वर्षं असंच म्हणत वेळ मारून नेली.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात काही सांगण्यासारखं नाही. आयुष्य गेलं ते ऑरिन टॅगर्टच्या हातात. अमेरिकेतल्या मोहावेच्या वाळवंटात टाल्कम पावडरीचा पांढरा दगड काढायची खाण होती, तिथे आम्ही बावीस वर्षं राबलो. खाण बंद पडली तेव्हा ऑरिननं मला गुपचूप गाडीत टाकलं. मग बायको नेल्डा हिला घेऊन तो गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, लावून राहिला.

नेल्डाची बोटं संधिवातानं आखडलेली. रोज सकाळी तिथल्या बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात तासभर बसली की बोटं जरा उघडायची. जाताना ती ओढ्यापाशी थांबून मक्याचा पाव कुस्करून टाकायची. ओढा झऱ्यापासून वळणं घेत यायचा आणि वळणावळणावर पाणी निवायचं. त्या निवलेल्या पाण्यात मासे राहायचे, बोटाच्या पेराएवढे. वसंतात नर निळेशार होऊन एकमेकांवर धावून जायचे. एवढासा जीव आणि तोरा केवढा, म्हणून नेल्डा हसायची.

पण वळणांमुळेच न्हाणीघरात पाणी कोमट पोचायचं. नेल्डा कुरकुरली, तीही एक-दोनदाच. ऑरिनला तेवढं पुरलं. ती बहिणीकडे गेली तेव्हा चार दिवसांत त्यानं झऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत सरळ चर पाडला. मला मजा येत होती, हे कबूल करते. खाणीनंतर पहिल्यांदाच मी कुणाच्या उपयोगी पडत होते. ऑरिनच्या पायाशी मासे पळत होते, ते मला दिसत होते.

नेल्डा परतली तेव्हा पाणी कढत येत होतं. तिची करंगळीसुद्धा उघडली. पण मासे कुठे गेले, असं ती रोज विचारायला लागली. येतील, येतील, असं ऑरिन म्हणायचा.

मग विद्यापीठातली एक बाई जाळं आणि बरणी घेऊन आली. दोन दिवस ती पाण्यात वाकून होती. बरणी रिकामीच राहिली.

"हे मासे जगात दुसरीकडे कुठेच नव्हते," ती म्हणाली. "हा ओढा कुणी सरळ केला?"

"पाण्यानंच केला," ऑरिन म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात पूर आला होता ना."

बोलता बोलता त्यानं मला टाचेनं ट्रेलरखाली ढकललं. माझ्या पात्याला त्या चरातलीच पांढरी माती चिकटलेली होती.

नेल्डा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग ट्रेलरखाली पाहिलं.

"पूर नव्हता आला," ती म्हणाली. "पाणी कोमट येतं म्हणून कुरकुर मी केली होती."

ऑरिनची मान खाली गेली. मला तर मानही नाही खाली घालायला.

त्याच आठवड्यात त्यानं चर बुजवला, फावड्यानं. मला हात लावला नाही. ओढा पुन्हा वळणं घेत वाहू लागला, पाणी पुन्हा निवू लागलं. ते दोघं एक वसंत थांबले, मग दुसरा. निळं काही दिसलं नाही.

मी अजून ट्रेलरखालीच आहे. मला कुणी मागायला आलं तर देऊ नका, तेल लावू नका, घासू नका. मला इथेच गंजू द्या.

नेल्डाची बोटं आता पुरती मिटली आहेत. तरी न्हाणीघराकडे जाताना ती ओढ्यापाशी थांबते. पाव ऑरिन कुस्करतो, तिच्या मुठीवर ठेवतो आणि ती तो पाण्यात झटकते. पाव वाहत वाहत न्हाणीघरात पाणी शिरतं तिथल्या जाळीला जाऊन अडकतो. रोज संध्याकाळी ऑरिन एकटाच जातो आणि जाळी साफ करून येतो.