डाव्या साच्याची झाकणं

गणितात एम.एस्सी. झालेला माणूस चाकणच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासतो, हे रडगाणं मी वर्षभर दिसेल त्याला ऐकवत होतो. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मार्चअखेर साधना मॅडम ठरवणार होत्या. म्हणून मी डोकं चालवलं.

आमच्याकडे दर पंचविसावं झाकण तपासायचे. मशीनवरच्या कोंडीरामभाऊंना ते पाठ. पंचविसाव्याची कड ते जरा जास्तच मायेने घासायचे. मी मॅडमना म्हटलं, "लागोपाठच्या दोन मूळ संख्यांची बेरीज करायची आणि त्या नंबरचं झाकण उचलायचं. पाच अधिक सात बारा, सात अधिक अकरा अठरा, मग चोवीस, तीस, छत्तीस, बेचाळीस, एकदम बावन्न! कुणाच्या बापाला अंदाज येणार नाही." पहिली दहा झाकणं मशीन तापेपर्यंत भंगारातच जातात, म्हणून सुरुवात बारापासून. मॅडमनी तक्ता भिंतीवर लावला आणि मी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

तीन आठवडे एकही झाकण नापास झालं नाही. मला वाटलं, धाक बसला. चौथ्या आठवड्यात भोसरीच्या गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. निम्मी झाकणं गळत होती.

आमच्या मशीनला दोन साचे आहेत. एक झाकण डाव्यातून पडतं, पुढचं उजव्यातून. विषम नंबरची सगळी डाव्याची. डावा साचा झिजला होता. आणि दोन ही एक संख्या सोडली तर प्रत्येक मूळ संख्या विषम, विषम अधिक विषम म्हणजे सम. डाव्याचं एकही झाकण माझ्या हाती लागणं शक्यच नव्हतं. हे शाळेच्या पुस्तकात असतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. नुसतं पत्र दिलं, एक तारखेपासून येऊ नये.

फाटकापर्यंत कोंडीरामभाऊ सोडायला आले. मी चिडून विचारलं, "भाऊ, तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

"पहिल्याच दिशी आलं की. तुमाला इचारलं बी व्हतं, डाव्याचं कवा बगायचं. तुमी म्हनला, यातलं तुमाला कळायचं न्हाई."

"मग?"

"मग काय, साहेब. तुमी येवढं शिकल्यालं. मला वाटलं, गणितात डाव्याला सूट आसंल."

हा टोमणा असता तर बरं वाटलं असतं. पण ते मनापासून बोलत होते, आणि मला मान वर करता येईना.