मैनेचं तोंड

घोड्यांच्या उड्यांच्या सामन्यात भोंग्यातून नाव पुकारलं गेलं तेव्हा सहादेव लिंबाखाली बसून डाव्या पायात बूट कोंबत होता. बूट गनीभाईंचे, जुन्या रिसाल्यातले, आणि सहादेवच्या पायाला चांगलेच आवळ.

"पुढची घोडी मैना. स्वार राधाकृष्ण पेंडवाले."

भोंगेवाला चुकला, असंच सहादेवला वाटलं. दुसरं काय वाटणार? वर्षभर शनिवार-रविवारी साऱ्या भिंगारने मैनेवर बघितलं होतं ते सहादेवला. तो तसाच उठला, एका पायात बूट आणि दुसऱ्यात वहाण, आणि चूक दुरुस्त करायला निघाला. नगरपालिकेच्या पाणीखात्यात दिवसभर लोकांच्या नळाची भांडणं निस्तरणारा कारकून तो. चूक कळली की आधी उठायचा, रागवायचं काम नंतर.

मैदानाभोवतीच्या दोरीजवळ मैना उभी होती आणि तिच्या पाठीवर राधाकृष्ण आधीच बसला होता. नवा कोट, डोक्याला जरीचा फेटा. लग्नाला निघाल्यासारखा.

"नाव तुझं पुकारलं त्यांनी," सहादेव म्हणाला.

"व्हय." राधाकृष्ण समोरच बघत होता. "मीच दिलंय."

"कधी?"

"नावं घ्यायला आले तवा. आमचे तात्या आलेत रं सह्या, कर्जतवरनं. त्या पयल्या खुर्चीवर बसलेत बघ. जन्मात एकदा तरी त्यांनी मला कायतरी धड करताना बघावं, एवढंच. पुढल्या साली तू बस."

सहादेव मैनेजवळ सरकला. हात सवयीने मैनेच्या गालाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिच्या तोंडात त्याचा गुळगुळीत लगाम नव्हता. काटेरी होता.

नगरच्या रिसाल्यात रणगाडे आले आणि घोडे लिलावात निघाले, तेव्हा या दोघांनी मैना निम्मी निम्मी घेतली होती. तसा हौशी स्वारांचा एक घोळकाच गावात तयार झाला होता: शाळामास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, दोन-तीन दुकानदार. आठवडाभर बैठी कामं करायची आणि शनिवारी दुपारनंतर भिंगारच्या माळावर जाऊन हाडं खिळखिळी करून घ्यायची. शिकवायला गनीभाई, रिसाल्यातून पेन्शनीत निघालेले दफेदार. मैना राहायची राधाकृष्णाच्या पेंडीच्या दुकानामागे, खायची त्याची पेंड, आणि शिकायची सहादेवकडे. राधाकृष्ण रविवारी सकाळी तिच्यावर बसून कापडबाजारातून एक चक्कर मारी. लोक मान वर करून बघत. त्याचं तेवढ्यावर भागायचं, निदान सहादेवला तसं वाटायचं.

मैना आली तेव्हा तिचं तोंड पार निबर झालेलं होतं. कोणी तरी काटेरी लगामाने ओढून ओढून ते तसं केलं होतं. लगाम दिसला की ती दात मिटून मान आभाळाला लावी, आणि पाठीवर बसून जरा ओढलं की उधळे. दुसऱ्या कोणी अशी घोडी टांगेवाल्याला देऊन टाकली असती.

"वढू नको," गनीभाई म्हणाले होते. "साध्या लगामाला चिंधी गुंडाळ, गुळाच्या पान्यात भिजव. तोंडात येतंय ते गोड हाय, हे तिला कळू दे. टाइम लागंल. आपल्याला कुटं जायचंय?"

लढाईचे दिवस. गूळ-साखरेची मारामार. सहादेवची बायको मालन दर शुक्रवारी वाटीत चिंधी भिजत घाली आणि म्हणे, "आमच्या चहात खडा न्हाई, आन् तुमच्या त्या बाईची रोज दिवाळी." म्हणे, पण घालायची कधी चुकली नाही.

पावसाळा गेला, खरोखरची दिवाळी गेली. एका रविवारी सहादेवने लगाम पुढे धरला आणि मैनेने आपणहून मान खाली घालून तोंड उघडलं. सहादेवला चक्क रडू आलं. हे त्याने मालनला सांगितलं आणि राधाकृष्णाला सांगितलं, तिसऱ्या कोणाला नाही. राधाकृष्णही तेव्हा हेलावला होता, खोटं कशाला बोला. दोघांनी गनीभाईंच्या समोर गळ्याला हात लावला, की हिच्या तोंडात पुन्हा काट्याचं लोखंड जाणार नाही. आणि माघातल्या सामन्यांत सहादेव बसेल. "तूच बस," राधाकृष्ण म्हणाला होता, "मी टाळ्या वाजवतो."

"काटेरी का घातलास?" सहादेवने दोरीजवळ उभ्या उभ्या विचारलं.

"तुझ्या लगामावर मला ती धरवत न्हाई. तुझं नुसतं बोलनं ऐकती ती. माझं, वढून हात तुटलं तरी ऐकत न्हाई. तात्यांच्या म्होरं पडू का मी?"

"शबुद दिल्ता आपन."

"एक दिस रं. एका दिसानं काय हुतंय?"

शिट्टी झाली आणि तो गेला.

सहादेव दोरीला धरून उभा राहिला. पडावा, असं त्याच्या मनात आलं. चांगला तोंडावर पडावा, फेटा धुळीत लोळावा, आणि तात्यांनी डोळे भरून बघावं. असं वाईट आजवर कोणाचं चिंतलं नव्हतं त्याने, पण आता ते आलं आणि त्याला बरंही वाटलं.

मैनेने ओंडका ओलांडला. काट्यांचं कुंपण ओलांडलं. पाण्याचा खंदकही ओलांडला. दर उडीला राधाकृष्ण मागे कलायचा, लगामाला लोंबकळायचा, आणि मैनेचा जबडा वेडावाकडा उघडायचा. तरी ती उडत होती. हिला इतकी शहाणी का केली आपण, असं सहादेवला पहिल्यांदाच वाटलं.

शेवटी भिंत. खोक्यांची, वर विटांचा रंग फासलेली. या भिंतीला मैना बिचकायची. सहादेव दर वेळी भिंतीच्या अलीकडे हळूच म्हणायचा, "हं, बाई." मग ती कान पुढे करून उडायची. न म्हटलं तर पाय रोवून उभी राहायची. राधाकृष्णाला हे ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

भिंत सहादेवच्या अगदी समोर होती. मैनेची चाल मोडली. राधाकृष्णाने घाबरून लगाम खेचला. तिच्या तोंडाला फेस होता, आणि तो आता तांबडा झाला होता. तिचा एक कान वळला, दोरीकडे.

सहादेवने फक्त गप्प राहायचं होतं. ती थांबली असती आणि स्वार तिच्या मानेवरून भिंतीत गेला असता. पण तो पडला नसता तर? नियमाप्रमाणे फिरवून पुन्हा भिंतीवर आणली असती, पुन्हा खेचली असती. त्या लोखंडाचे काटे सहादेवला आपल्याच जिभेवर आल्यासारखे वाटले.

"हं, बाई," तो म्हणाला.

मैना उडाली. खोकं हललंसुद्धा नाही.

भिंतीने त्या दिवशी बाकी सगळ्यांना अडवलं होतं. कप मैनेला, म्हणजे राधाकृष्णाला मिळाला. तात्या खुर्चीवरून उठले. या माणसाने पोराची पाठ थोपटलेली कर्जतमध्ये कोणी पाहिली नसेल, इथे थोपटली.

"जनावर चांगलं शिकिवलंस," तात्या म्हणाले.

सहादेव मैनेला घ्यायला तिथवर आला होता. राधाकृष्णाने त्याला बघितलं.

"व्हय, तात्या," राधाकृष्ण म्हणाला.

सहादेवने घोडी घेतली आणि लिंबाखाली आणली. लगाम हलक्या हाताने, थांबत थांबत उतरवावा लागला. गनीभाई काठी टेकत आले.

"त्यो लगाम मीच दिला," ते म्हणाले. "माझ्या पेटीतला हाय."

"तुमी?"

"त्यो बसनारच व्हता. साध्या लगामावर बसला असता तर मान मोडून घेतली असती त्यानं. सकाळीच दिला. तुला सांगायला जीभ उचलंना."

"गळ्याला हात तुमच्याच म्होरं लावला हुता, गनीभाई."

"व्हय रे बाबा."

म्हातारा तिथेच मातीत बसला. सहादेव मैनेकडे वळला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या तिघांत रक्त एकटीच्याच तोंडातून येत होतं.

त्याने खिशातून गुळाचा खडा काढला. मालनने सकाळी कागदात बांधून दिला होता, जिंकली तर द्या आणि हरली तरी द्या म्हणून. त्याने तळहात पुढे केला. मैनेने हुंगलं. मग ओठ आवळले, दात मिटले आणि मान आभाळाला लावली. अगदी पहिल्या दिवशी लावली होती तशी.

"बाई," सहादेव म्हणाला. "अगं, मी हाय."

तिकडून राधाकृष्ण हाका मारत आला. कप काखेत होता. "सह्या, लगाम चढव तिला, तुझाच चढव. फोटोवाला थांबलाय. तात्या, मी आन् मैना."

"तू चढव."

राधाकृष्णाने साधा लगाम घेतला, घोडीजवळ गेला. मैनेने मान अशी वर फेकली की त्याचा फेटा तिरका झाला. त्याने पुन्हा हात घातला. ती मागल्या पायांवर सरकली. तात्या लांबून बघत होते. आणखी बरेच जण बघत होते.

"तुझं ऐकती ती," राधाकृष्ण हळूच म्हणाला. "चढव की. सगळे बघत्यात."

"न्हाई ऐकत," सहादेव म्हणाला. "सकाळपोतर ऐकत हुती."

राधाकृष्णाने लगाम खाली ठेवला.  मग फेटा सारखा करून तो गेला. फोटोत शेवटी तात्या बसले, राधाकृष्ण उभा राहिला आणि दोघांच्या मध्ये स्टुलावर कप ठेवला.

घामेजलेली घोडी उभी ठेवायची नसते. सहादेवने तिच्या गळ्यात नुसती दोरी बांधली आणि तिला माळाच्या कडेने फिरवायला लागला, अजून एका पायात बूट आणि एका पायात वहाण. मुठीतला गूळ विरघळून बोटांना चिकटला होता. थोडं चाललं की तो हात पुढे करी. ती हुंगायची, आणि दात मिटलेलेच ठेवून त्याच्या बाजूने चालायची.